क्विताद नावाचं विशेषण

सिंगापूरहून परत येऊन चार महिने झाले. भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" पाहिलं की सगळं! तीन उंच इमारतींच्या डोक्यावर ठेवलेलं जहाज पाहिलं, तोंडातून पाणी सोडणारा सिंह पाहिला, ऑर्किडची बाग पाहिली, आणि त्या बागेत एकेका फुलाशेजारी उभं राहून आमच्या हिनं काढून घेतलेले शंभरेक फोटोही पाहिले. त्यातलं काही मी इथं लिहिणार नाही. ज्याला ते हवं त्यानं एखाद्या प्रवासी कंपनीचं पत्रक वाचावं, त्यात चित्रंही असतात. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातही जास्त करून व्याकरण. त्यामुळे असेल, मला तिथं सापडलं ते एक विशेषण. तेही पोर्तुगीज. ते सापडायला मी चाळीस वर्षं उशीर केला, आणि त्या उशिराबद्दलच हे लिहितो आहे.

बुओना व्हिस्टा

आमचा निनाद चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करतो आणि राहतो बुओना व्हिस्टाला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या अंगाला. "अरे, ऑफिसजवळ घर नाही का मिळत?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. "मिळतं की बाबा, पण सानिकाची शाळा इकडे आहे." सानिका म्हणजे आमची नात, वय वर्षं नऊ. तिच्या शाळेपायी बाप रोज सकाळी एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसून बेट ओलांडतो आणि संध्याकाळी पुन्हा ओलांडतो. सिंगापूरच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाल्याचे फलक तेव्हा अजून स्टेशनच्या भिंतीवर होते. ते वाचत मी त्याची वाट पाहत उभा राहायचो.

घर छान, कॉन्डो. खाली पोहण्याचा तलाव, वर चौदाव्या मजल्यावर आम्ही. सूनबाईंनी आम्हाला काही कमी पडू दिलं नाही, चहासुद्धा हातात आणून दिला. माझं बिनसलं ते नातीच्या बोलण्यावरून.

"सानिका, जेवायला येतेस ना?"

"कॅन."

"पोळी वाढू का आणखी?"

"डोन्ट वाँट ला."

आता मला सांगा, पोळीला 'डोन्ट वाँट ला' हे काय उत्तर झालं? त्या 'ला'ला ना कर्म ना क्रियापद, कुठल्याही विभक्तीत बसत नाही! तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला. मी म्हटलं, "हे बघ, माझ्याशी बोलायचं तर मराठीत बोलायचं. नाहीतर तोंड उघडायचं नाही." पोरगी दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. समोरून जायची, मान खाली घालून.

"अहो, ती तुमच्या वर्गात नाहीये," आमची ही म्हणाली. हिचं नाव सुमन. ती स्वतः बालवाडी चालवायची, त्यामुळे माझ्या शिकवण्याबद्दल तिचं मत पहिल्यापासून वेगळं. मी ऐकलं नाही. मला वाटलं, भाषा टिकवायची तर थोडं कडक व्हावंच लागतं.

क्वीन्सटाउन

रविवारी दुपारी निनाद आम्हाला क्वीन्सटाउनला हॉकर सेंटरमध्ये सोडून गाडी लावायला गेला. हॉकर सेंटर म्हणजे एका मोठ्या छताखाली पन्नास-साठ खाण्याची दुकानं, मध्ये गोल टेबलं, वर भिरभिरणारे पंखे. आपल्याकडच्या भाजीमंडईत टेबलं मांडली तर दिसेल तसं, फक्त कोरडं. चिनी, मलाय, तमिळ, सगळी शेजारी शेजारी बसून ज्याचं त्याचं खातात आणि कुणी कुणाच्या ताटात डोकावत नाही. हे मला आवडलं. आपल्याकडे पंगतीत शेजारच्याच्या पानात किती जिलब्या पडल्या यावरच अर्धं जेवण होतं.

ही आणि सानिका शाकाहारी दुकान शोधायला गेल्या आणि मला म्हणाल्या, टेबल धरून ठेवा. घामानं मी निथळत होतो. एकही जागा रिकामी नव्हती. एका टेबलावर मात्र कुणी नव्हतं, नुसतं कागदी रुमालांचं एक लहानसं पाकीट पडलेलं. कुणीतरी विसरलं बिचारं, असं म्हणून मी बसलो. पाकीट फोडलं. एका रुमालानं कपाळ पुसलं, दुसऱ्यानं मान, तिसऱ्यानं चष्मा. चौथा काढत होतो तेवढ्यात सानिका धावत आली. माझ्याशी अबोला आहे हे विसरून ओरडली, "आजोबा! कॅनॉट! समबडी चोप ऑलरेडी!"

'चोप' म्हणजे मार नव्हे. तिकडे टेबलावर रुमालाचं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं, त्याला चोप करणं म्हणतात. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणारी आपली माणसं मी जन्मभर पाहिली होती, आणि तरी मला ते ओळखता आलं नाही. मी गडबडीनं उठलो. उठलो तो थेट मागं ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बाईंवर. त्यांची कॉफी माझ्या पांढऱ्या शर्टावर.

फुलाफुलांचा फ्रॉक, कापलेले पांढरे केस, सावळा-गोरा रंग. आपल्या वसईकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाई वाटाव्यात अशा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोडलेल्या पाकिटाकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं आणि मान हलवत म्हणाल्या, "आय्या, कुइतादू!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कॉफीमुळे नाही, शब्दामुळे. तो शब्द मी ओळखत होतो. चाळीस वर्षांपूर्वी तो मी एकदाच ऐकला होता, शेवट थोडा तोडलेला, 'क्विताद' असा. पण तोच. मी माझ्या शाळकरी इंग्रजीत ताठ म्हणालो, "मॅडम, चूक माझी आहे. पण शिवी देऊ नका. हा शब्द मला माहीत आहे."

त्या बघतच राहिल्या. त्यांचं इंग्रजी सानिकासारखंच होतं, ते मी इथं मराठीत देतो. "शिवी? कुइतादू ही शिवी? तुम्हाला कुणी सांगितलं? ही आमची जुनी भाषा, क्रिस्तांग, पोर्तुगिजांच्या वेळची. माझी आई बोलायची. कुइतादू म्हणजे... ज्याला बघून पोटात कालवतं तो. कुणाला लागलं, कुणाला रडू आलं, की आपण म्हणतो ना? तसं. मी तुम्हाला शिवी कशाला देईन ला? तुमचा शर्ट भिजला!"

मी उभाच होतो. सानिकानं माझा हात धरून मला पुन्हा त्याच टेबलावर बसवलं, आणि त्या बाईसुद्धा माझ्यासमोर बसल्या. त्यांचं नाव डोरीन. तिकडे सगळेच वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणतात, तसं आम्हीही म्हणू लागलो. त्या अठ्ठ्याहत्तरच्या, मी सहासष्टचा.

"तुम्ही हा शब्द कुठं ऐकलात?" आंटींनी विचारलं.

मी म्हटलं, "एका मुलीकडून." आणि शर्टावरचा डाग पुसू लागलो.

खाडीच्या अलीकडे

आंटींना जे मी त्या दिवशी सांगितलं नाही ते इथं सांगतो.

बी.एड. होऊन मला पहिली नोकरी लागली ती रेवदंड्याला, हायस्कुलात. वय चोवीस. पुण्याचा, त्यामुळे शुद्ध मराठी आपल्यालाच येतं ही खात्री. खाडीपलीकडे कोर्लई. किल्ल्याखालच्या त्या गावात ख्रिस्ती वस्ती आहे, आणि ती माणसं घरात एक भाषा बोलतात जी महाराष्ट्रात दुसरीकडे कुठं बोलत नाहीत. पोर्तुगीज गेले, त्यांची भाषा त्या गावात राहिली आणि शेकडो वर्षं मराठीच्या शेजारानं मुरत गेली. गावकरी तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. तिथली मुलं तरीतून, म्हणजे होडीतून, शाळेत यायची, पायाला चिखल लागलेली.

फिलू त्यातली. फिलोमिना. आठवीत होती. व्याकरणात अशी हुशार की प्रयोग ओळखायला सांगितला तर माझं वाक्य फळ्यावर पुरं व्हायच्या आत हात वर. घरी मराठी नाही, आणि समास सोडवण्यात सगळ्या रेवदंडेकरांना मागं टाकायची. मी ते वर्गात कधी बोलून दाखवलं नाही. का नाही दाखवलं, हे आज मला सांगता येत नाही.

एका सकाळी भरती-ओहोटीच्या घोळात होडी उशिरा आली. कोर्लईची मुलं तास सुरू झाल्यावर दारात उभी. त्या दिवशी मी आधीच कशावरून तरी चिडलेला होतो. सगळ्यांत पुढं उभा होता तो इनास माझ्या तावडीत सापडला. मी त्याला पट्टीनं मारलं. वर्ग चिडीचूप होता. आणि मुलींच्या रांगेतून फिलू हळूच म्हणाली, "क्विताद."

"काय म्हणालीस?"

ती इनासकडे बघत होती.

"काय म्हणाली ही?" मी वर्गाला विचारलं. पुढच्या बाकावरचा एक रेवदंड्याचा मुलगा हसत म्हणाला, "सर, त्यांच्यातली शिवी दिली तुम्हाला." सगळा वर्ग फिसकन हसला. इनास डोळे पुसत म्हणाला, "सर, ती शिवी नाय." त्याला मी आणखी एक ठेवून दिली. मग फिलूला पुढं बोलावलं. दोन्ही हातांवर मारलं. म्हटलं, "या शाळेत ती बडबड चालायची नाही. मराठीत बोलायचं, नाहीतर तोंड उघडायचं नाही. माफी माग." तिनं मागितली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला दाराबाहेर उभं केलं, शाळा सुटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी होडी आली, त्यात फिलू नव्हती. त्यानंतर ती कधीच आली नाही. मी हजेरीवर तिच्या नावापुढं महिनाभर गैरहजर लिहीत राहिलो आणि मग नाव कमी केलं. खाडी ओलांडायला दहा मिनिटं लागायची. एकदा तरीत बसून तिच्या घरी जायला हवं होतं, आईबापांना विचारायला हवं होतं, अर्थ तरी विचारायला हवा होता! मराठीचा मास्तर मी, शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय शिक्षा केली. वर्षभरानं माझी बदली झाली आणि मी तिला विसरलोही. हे सगळ्यात वाईट. मी तिला खरोखरच विसरलो होतो.

डोरीन आंटींचं घर

आंटी क्वीन्सटाउनमध्येच राहत, जुन्या सरकारी वसाहतीत सहाव्या मजल्यावर, दोन खोल्यांत. त्यांनी आम्हाला केक खायला बोलावलं. केकचं नाव 'सुजी केक'. म्हणजे आपला रवा! लोण्यात भिजवलेला रवा, बदाम, भरपूर अंडी. हिनं एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "अहो, नारळीपाकातल्या लाडवाचा मावसभाऊ आहे हा." अंडी आहेत हे मी तिला तिसरा तुकडा संपल्यावर सांगितलं. तिनं चौथा घेतला.

मग एक खेळच झाला. मी टेबलावरची किल्ली उचलून म्हटलं, "चावी." आंटी म्हणाल्या, "चाबी." मी न्हाणीघराकडे बोट केलं, "साबण." त्या ओरडल्या, "साबांग!" पाव म्हटलं तर त्या 'पांग', बटाट्याला बटाटाच. सानिका टाळ्या पिटत होती. आंटींना माहीतच नव्हतं की हिंदुस्थानातल्या एका कोपऱ्यात त्यांची भाषाभगिनी आहे. "अजून बोलतात? लहान मुलं बोलतात?" त्यांनी तीनदा विचारलं. वर्षभर त्या भाषेच्या शेजारी राहून माझ्या वाट्याला तिच्यातला एकच शब्द आला होता.

घरी येताना मी हिशेब करत होतो: घमेलं, बिजागरी, तुरुंग, लिलाव, पगार. पोर्तुगिजांकडून मराठीनं घेतलेल्या शब्दांत मला तरी सगळी नामंच आठवली. वस्तू घेतल्या. विशेषण एकही घेतलं नाही.

पुढच्या खेपेला मी आंटींना सगळं सांगितलं, वर्गाचं, पट्टीचं. मग मी विचारलं, "हा शब्द नक्की कधी कधी वापरतात?"

"मांजराच्या शेपटीवर पाय पडला तर मांजराला. पावसात भिजलेल्या पोस्टमनला. माझा नवरा गेला, त्याला मी आता कुइतादू मॅथ्यू म्हणते. शेवटी त्याला भात नको असायचा आणि मी भरवायची, म्हणून." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि हो, कुणी फार तोरा मिरवला तर त्याला चिडवायलासुद्धा."

"म्हणजे चेष्टेनंही म्हणतात!" मी जवळजवळ ओरडलो. बुडत्याला फळकूट सापडावं तसं झालं मला.

"ती मुलगी हसत होती?"

"नाही."

"मग नाही," आंटी म्हणाल्या, आणि माझ्या बशीत केक वाढला.

त्या दिवशी त्यांनी स्वतःचंही सांगितलं. वडील म्हणायचे, इंग्रजी बोला, इंग्रजीनं नोकरी मिळते. खरंच मिळाली. आंटींनी आपल्या मुलीला क्रिस्तांग शिकवलं नाही. मुलगी पर्थला आहे, फोन रोज करते, इंग्रजीत. उरली होती एक बहीण. दोघी बहिणी दर गुरुवारी भेटून त्याच भाषेत भांडायच्या. बहीण गेल्या वर्षी गेली. "मी अजूनही बोलते," आंटी म्हणाल्या, "भांडी घासताना, मांजराशी. पण वर्ष झालं, उत्तर कुणी दिलं नाही." त्यांचे डोळे भरून आले. हिनं उठून त्यांचा हात धरला. मला काय करावं कळेना, मी बशा गोळा करून मोरीत नेऊन ठेवल्या.

वाचनालय

माझी खोड जाणार कुठं? दुसऱ्या दिवशी मी जवळच्या वाचनालयात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं दोन जाडजूड पोर्तुगीज-इंग्रजी कोश काढून दिले, आणि एक म्हातारा हिंदी गृहस्थ पोर्तुगीज का शोधतोय याची चौकशीही केली नाही. तिथली हीही रीत मला आवडली.

शब्द सापडला. कोइतादो. स्त्रीलिंगी कोइतादा. तिकडच्या पोर्तुगीजमध्ये लिंग बदलतं, क्रिस्तांगमध्ये, आंटी म्हणतात त्यावरून, बदलत नाही, आणि शेवट तुटलेल्या 'क्विताद'वरून कोर्लईतही बदलत नसावं. बाई असो, बाप्या असो, मांजर असो, शब्द एकच. अर्थ: दीन, दुःखी, कीव यावी असा. पण मी थबकलो ते व्युत्पत्तीवर. हे मुळात विशेषण नव्हेच, धातुसाधित आहे. जुन्या पोर्तुगीजमध्ये एक क्रियापद होतं, 'कोइतार', म्हणजे पीडणं, गांजणं. त्याच्याही मागं एक लॅटिन शब्द आहे, जबरदस्ती करणं अशा अर्थाचा. क्रियापद वापरातून गेलं. त्याचं विशेषण तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं.

आम्ही 'बिचारा' म्हणतो. तो फारसी, बे-चारा, ज्याला उपाय नाही असा. बिचारा म्हटलं की दोष नशिबाचा, आपण सुटलो. 'गांजलेला' म्हटलं की तसं सुटता येत नाही. मी फळ्यावर अशी वाक्यं लिहून मुलांना विचारायचो: कर्म कळलं, आता कर्ता सांगा. त्या गार खोलीत मी तो कोश मांडीवर घेऊन बसलो आणि मला कर्ता कळत होता. तो पट्टी हातात घेऊन वर्गात उभा होता. फिलूनं अगदी अचूक शब्द वापरला होता. तिचं व्याकरण पहिल्यापासून चांगलं.

घरी आलो तर सानिका गृहपाठ करत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "सानिका, तुला हवं तसं बोल माझ्याशी. मला कळलं नाही तर मी विचारीन." तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग म्हणाली, "रिअली आ? सगळं?" मी म्हटलं, "कॅन." ती इतकी हसली की निनाद बाहेर आला.

शेवटचा मंगळवार

रेवदंड्याच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. सकाळी गुलाबाची फुलं आणि संध्याकाळी सुविचार पाठवण्याचं काम तो करतो. मी त्यावर कधी काही लिहीत नाही. या वेळी लिहिलं: कोर्लईच्या फिलोमिनाचा नंबर कुणाकडे आहे का? तासाभरात आला. पाठवणारा तोच, पुढच्या बाकावरचा. मी त्याला त्या दिवसाचं विचारलं, तर म्हणाला, "कसली शिवी सर? मला तर काहीच आठवत नाही." मी त्याला दोष देत नाही. विश्वास ठेवणारा मी होतो.

नंबर मिळूनही दोन दिवस गेले. "करा की फोन," ही म्हणाली. "एवढे घाबरताय काय?"

"तिनं ओळखलं नाही तर?"

"ओळखलं तर काय, ते आधी ठरवा."

आम्ही परत निघायच्या आदल्या दिवशी आंटींकडे निरोप घ्यायला गेलो होतो. सकाळचे अकरा, म्हणजे आपल्याकडचे साडेआठ. आंटींच्या स्वयंपाकघरातच मी फोन लावला. ही आणि आंटी दोघी समोर बसल्या होत्या, परीक्षेला बसवल्यासारखा मी मध्ये.

"हॅलो, कोण?"

"फिलू का? मी जोगळेकर. रेवदंड्याला मराठी शिकवायचो."

पलीकडे कोंबडा आरवत होता. मग, "सर?" आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. ती उभी राहिली असावी. चौपन्न-पंचावन्न वर्षांची बाई.

"बस, बस," मी म्हणालो.

"बरं आहे ना सर सगळं? कुठनं बोलताय?"

"सिंगापूरहून. फिलू, ऐक. त्या दिवशी मी तुला मारलं. तू क्विताद म्हणालीस म्हणून. मला वाटलं शिवी आहे. अर्थ मला आत्ता, इथं येऊन कळला. माझं चुकलं. फार चुकलं."

मग ती हलकंसं हसली. "शब्द नाही आठवत सर. पट्टी आठवते. जाऊ द्या हो, किती वर्षं झाली त्याला."

"तू शाळा सोडलीस."

"आई आजारी होती सर. घरचं बघायला कुणी नव्हतं."

हे खरं होतं की मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. ती आपणहून सांगत राहिली: नवरा मासेमारी करायचा, आता गुडघे धरलेत. ती सुकी मासळी विकते. दोन मुलं, दोन नातवंडं. इनास गावातच आहे, भेटला की सांगते म्हणाली.

"मुलांना येते का गं तुमची भाषा?"

"मोठ्याला कळते थोडी. धाकटीला मी शिकवलीच नाही. नातवंडांशी मराठीच. शाळेत उगाच त्रास नको त्यांना, सर." हे ती अगदी सहज म्हणाली, तक्रार म्हणून नाही. तक्रार असती तर मला सोसलं असतं.

मी हिच्याकडे पाहिलं, तिनं डोळ्यांनी आंटींकडे खूण केली. आंटी टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून बसल्या होत्या. एकही शब्द त्यांना कळत नव्हता, पण फोनवरून त्यांची नजर हलत नव्हती.

"फिलू, इथं एक आजी आहेत. त्या जी भाषा बोलतात ती तुमच्यासारखीच आहे. त्यांच्याशी बोलायला आता कुणी उरलं नाही. बोलशील त्यांच्याशी?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि आंटींपुढं ठेवला. त्या खाली वाकल्या. "तेंग बोंग?" त्यांनी विचारलं. म्हणजे, बरी आहेस ना.

मला वाटलं लाइन गेली. आंटींनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "तेंग बोंग, फिलू?"

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. तिला कळलं होतं, एवढं मला त्यावरून समजलं. कोंबडा आरवायचा थांबला होता. मग फोनमधून अगदी दबक्या आवाजात, मुलींच्या रांगेतून यावा तसा, मराठीत प्रश्न आला.

"सर, बोलू का?"